नऊ जणांचं एक खातं, एक चुकीची पाककृती आणि सही कुणाचीच नाही. मॅस्टोडॉनवर सामायिक खातं चालवणाऱ्यांचा सल्ला हवा आहे

पेणच्या_बाई
२४ जून, रात्री १०:५२

नमस्कार. मी पेण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आम्ही नऊ जण मिळून मॅस्टोडॉनवर (ट्विटरसारखंच, पण अनेकांच्या स्वतंत्र सर्व्हरवर चालणारं समाजमाध्यम) रानभाज्यांचं एक खातं चालवतो. पेणमधल्या आम्ही तिघी, मुरबाडच्या एक मावशी, जव्हारचे दोघे (त्यातले एक वनखात्यातून निवृत्त झालेले), संगमेश्वरचं एक जोडपं आणि जर्मनीत राहणारा माझा भाचा. खातं उघडलं त्यानेच, २०२२ च्या डिसेंबरात. त्याआधी ऑक्टोबरात ट्विटर विकलं गेलं होतं आणि त्याच्या ओळखीची बरीच मंडळी तिथून निघत होती. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही टाकळ्याचे, कुर्डूचे, भारंगीचे फोटो टाकत असू. ते उचलून तो तिकडे टाकायला लागला. मग एकेक करत आम्हीही आत आलो.

फॉलोअर सहाशेच्या आसपास असतील. संख्या लहान वाटेल, पण ही माणसं वाचतात, विचारतात, आपल्या आजीने सांगितलेलं नाव लिहून पाठवतात. करटोलीला कुठे कंटोळी म्हणतात, फोडशीला कुठे कुलू म्हणतात, हे मला या खात्यामुळे कळलं. शाळेतली मुलं पावसाळ्यात काय काय आणून दाखवतात तेही मी तिथे टाकते. म्हणून हे खातं मला घरच्यासारखं आहे, आणि झालं ते मनाला फार लागलंय.

१२ जूनला सकाळी आमच्या खात्यावर शेवळांची (सुरणासारखी खाजरी रानभाजी) पोस्ट गेली. तीन फोटो आणि कृती. वरची सालं काढा, खालचा पिवळा भाग टाकून द्या, बारीक चिरा, तेलावर परता, कांदा-खोबऱ्याचं वाटण लावा. बस. काकड (शेवळांची खाज मारणारं आंबट रानफळ) नाही, चिंच नाही, आमसूल नाही. पुण्याच्या एका वाचकाला कर्जतहून येणाऱ्या मित्राने शेवळांची जुडी आणून दिली होती. त्याने आमची कृती वाचून भाजी केली. दोघा मायलेकांचा घसा धरला, आईचे ओठ सुजले, रात्री डॉक्टरकडे न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्या बऱ्या झाल्या. त्या गृहस्थांनी आम्हाला एक शब्द वाकडा लिहिला नाही. एवढंच विचारलं: ‘ही कृती कोणी लिहिली? त्यांच्याकडे शेवळं खाजत नाहीत का?’

चार तास कुणीच उत्तर दिलं नाही. प्रत्येकाला वाटलं, ज्याने लिहिलं तो देईल. पोस्ट गेली त्या सकाळी आमच्यातल्या तिघांनी खातं उघडलेलं होतं. प्रश्न आला त्याच दुपारी कुणीतरी घाबरून पोस्ट पुसली. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या एका वाचकाने जुन्या पोस्टचा फोटो टाकून लिहिलं, ‘चूक झाली आणि पुरावाही पुसला.’ त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. बाहेरून तसंच दिसतं.

मी सासूबाईंच्या बचत गटाचा हिशेब लिहिते. तिथे नऊशे रुपये काढायचे तरी बँकेत दोघींच्या सह्या लागतात. आणि इथे सहाशे लोक काय खातील हे ठरवणारं खातं व्हॉट्सॲपवर चिकटवून ठेवलेल्या एका पासवर्डवर चाललंय. ईमेल भाच्याचा. उद्या तो नोकरीत अडकला तर आम्ही आठ जण दाराबाहेर.

तर विचारायचं ते असं. एक खातं अनेकांनी चालवायची काही नीट पद्धत मॅस्टोडॉनवर आहे का? कोणी काय लिहिलं हे कळेल असं काय करावं? खासगी निरोप येतात, त्यांचं काय? एका बाईंनी बाळंतपणानंतर कोणती भाजी चालेल असं खासगीत विचारलं होतं. तो निरोप आम्ही नऊही जणांनी वाचला, आणि हे त्यांना माहीत नव्हतं. हे खातं बंद करून प्रत्येकाने आपापलं उघडावं असं घरात एक मत आहे. मला ते नको आहे, पण तेच बरोबर असेल तर तसं सांगा.

---

गावदेवी_मार्केट
२४ जून, रात्री ११:३०

बाई, तांत्रिक मला कळत नाही. पण शेवळांचं आधी लिहिते, कारण उद्या कुणीतरी हा धागा वाचूनही भाजी करेल.

काकडाशिवाय शेवळं करू नका. काकड नाही मिळाले तर बोंडारे, तेही नाही तर चिंचेचा किंवा आमसुलाचा दाट कोळ, आणि हात आखडता घेऊ नका. चिरताना हाताला तेल लावा. आमच्याकडे आधी तेलावर चांगली परततात, काकड ठेचून त्याचं पाणी घालतात, मग शिजवतात. थोडी चाखून दोन-चार मिनिटं थांबायचं, जिभेला चुरचुरलं तर अजून आंबट घालून अजून शिजवायची. त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, सुरणात असतात तेच. सीकेप्यांच्या घरी शेवळाची कणी होते, तिथे विचारा, कुणीही हेच सांगेल.

ठाण्यात वनवासी बायका जुडीबरोबर काकडाचा वाटा देतातच. न मागता देतात. पुण्याच्या त्या दादांना जुडी मित्राकडून मिळाली, बाजारातून नाही. तिथेच घोटाळा झाला असणार. त्यांच्या आई बऱ्या आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला.

---

सर्व्हर_सांभाळणारा
२५ जून, सकाळी ७:१५

ताई, मी नाशकात मित्रमंडळींसाठी एक छोटा सर्व्हर चालवतो, त्यामुळे यातलं आतलं थोडं माहीत आहे.

मॅस्टोडॉनमध्ये एका खात्याला अनेक माणसं जोडायची सोय नाही. एक खातं, एक ईमेल, एक पासवर्ड. आतून बघणाऱ्यालाही नऊ जणांतलं कोण लिहितंय ते कळत नाही. पण त्याच चौकटीत किल्ल्या वेगळ्या करता येतात.

फोनवरच्या ॲपमधून एकदा आत शिरलं की सर्व्हर त्या ॲपला स्वतंत्र परवाना देतो. त्या परवान्यावर पोस्ट टाकता येते, पुसता येते, उत्तर देता येतं. पासवर्ड बदलणं, ईमेल बदलणं, खातं बंद करणं, फॉलोअर दुसरीकडे हलवणं, हे त्यातून होत नाही. त्यासाठी वेबवर येऊन पासवर्ड द्यावा लागतो. म्हणजे ‘लिहिणारे’ आणि ‘मालकी सांभाळणारे’ असे दोन गट आपोआप पाडता येतात, आणि सेटिंगमधल्या परवानगी दिलेल्या ॲपच्या यादीतून परवाने काढूनही घेता येतात.

आता करायचं ते असं. खात्यासाठी वेगळा ईमेल उघडा, भाच्याचा नको. दुहेरी पडताळणी सुरू करा, म्हणजे पासवर्डसोबत दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड लागेल. सुरू करताना पडद्यावर जो क्यूआर येतो तो दोन फोनवर एकाच वेळी स्कॅन करा, एक भाच्याचा आणि एक तुमचा. दोन्ही फोन तोच कोड दाखवतील. त्याच वेळी दहा आपत्कालीन कोड मिळतात, ते कागदावर लिहून पाकिटात घालून घरात ठेवा. मुरबाडच्या मावशींना आत घ्यायचं असेल तर फोन करा, त्यांच्या ॲपमध्ये पासवर्ड टाकू द्या, कोड तोंडी सांगा. अर्ध्या मिनिटात तो कोड मेला. पासवर्ड त्यांना माहीत असला तरी कोडाशिवाय तो निरुपयोगी. आणि तो व्हॉट्सॲपवरचा पासवर्ड आजच बदला. सगळ्यात आधी हेच.

ब्लूस्काय या ट्विटरसारख्याच दुसऱ्या माध्यमावर यासाठी ‘ॲप पासवर्ड’ नावाची सोय आहे. मुख्य पासवर्ड न देता एकेकाला वेगळा काढून देता येतो, आणि त्याने खातं पुसता येत नाही.

खासगी निरोपांबद्दल. मॅस्टोडॉनवर ‘खासगी उल्लेख’ म्हणजे फक्त मर्यादित लोकांना दिसणारी पोस्ट आहे. ती टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसते. सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवलं तर तो ती वाचू शकतो. मी माझ्या लोकांची वाचत नाही, पण वाचू शकतो हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. तुम्हीही खात्याच्या ओळखीत सरळ लिहा की हे निरोप नऊ जण वाचतात. प्रोफाइलच्या खाली चार रकाने मिळतात, त्यातला एक याला द्या.

आणि पुसण्याविषयी. पोस्ट पुसली की तुमचा सर्व्हर बाकीच्या सर्व्हरना ‘हे काढा’ असा निरोप पाठवतो. बहुतेक काढतात, पण काढायलाच लावता येत नाही. एखादा सर्व्हर त्या वेळी बंद असेल तर प्रत तिथे पडून राहू शकते. त्याउलट पोस्ट दुरुस्त केली की जुनी-नवी दोन्ही रूपं वाचकाला बघता येतात, आणि ज्यांनी ती बूस्ट केली होती त्यांना दुरुस्तीची सूचना जाते. म्हणजे चुकीची कृती पुढे पाठवणाऱ्यांपर्यंत काकड पोचला असता. पुढच्या वेळी पुसू नका, दुरुस्त करा.

---

आठवड्याची_पाळी
२५ जून, दुपारी १:४०

मी तीन वर्षं पाळीचं खातं चालवलंय. दर सोमवारी नवा माणूस, आठवडाभर त्याने आपल्या गावाविषयी, कामाविषयी लिहायचं. म्हणून तुमच्या ‘कोणी लिहिलं’ या प्रश्नावर बोलते.

पाळीच्या खात्यांतलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे स्वीडनचं. डिसेंबर २०११ मध्ये स्वीडिश इन्स्टिट्यूट आणि व्हिजिटस्वीडन यांनी देशाचं ट्विटर खातं दर आठवड्याला एका सामान्य नागरिकाच्या हाती द्यायला सुरुवात केली. २०१२ च्या जूनमध्ये एका बाईंनी ज्यूंविषयी असे काही प्रश्न लिहिले की जगभर गदारोळ झाला. तरी त्यांनी खातं बंद केलं नाही, ते सप्टेंबर २०१८ पर्यंत चाललं. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. खातं देशाचं होतं, पण त्या आठवड्यात बोलतंय कोण हे प्रत्येकाला दिसत होतं. त्यामुळे वाद एका माणसाच्या शब्दांवर झाला आणि तिने स्वतः उत्तरंही दिली.

तुमच्याकडे उलट झालं. नऊ माणसं ‘आम्ही’ म्हणून बोलत होती आणि प्रश्न आला तेव्हा त्या ‘आम्ही’त कुणीच नव्हतं.

आम्ही केलं ते सांगते. प्रत्येक पोस्टच्या शेवटी सही. मॅस्टोडॉनवर साधारण पाचशे अक्षरं मिळतात, त्यातली दहा-पंधरा सहीला गेली तर काही बिघडत नाही. सुरुवातीला आम्ही फक्त आद्याक्षर लिहायचो. त्याचा उपयोग झाला नाही, वाचकांना ‘स’ म्हणजे कोण ते लक्षात राहत नव्हतं. मग नाव किंवा टोपणनाव आणि गाव, असं सुरू केलं. वरती एक पोस्ट पिन करून ठेवा, त्यात नऊ जणांची टोपणनावं, गावं आणि कोणाला कशातलं कळतं ते लिहा. तुमचे वनखात्यातले दादा झाड ओळखतील, पण स्वयंपाकाचं त्यांना विचारायचं की नाही ते वाचकाला ठरवता येईल.

दुसरं, उत्तरांची पाळी लावा. लिहायचं कुणीही, केव्हाही. पण प्रश्नाला उत्तर द्यायची जबाबदारी त्या दिवशी एकाच माणसावर. ‘मला माहीत नाही, लिहिणाऱ्यांना विचारून संध्याकाळपर्यंत सांगते’ एवढं लिहिलं तरी ते उत्तर आहे. तुमचे ते चार तास मला पोस्टमधल्या चुकीपेक्षा जास्त खटकले, हे मनापासून सांगते, राग मानू नका.

प्रत्येक पोस्टची भाषा मराठी अशी निवडता का? बरेच जण ती इंग्रजीच ठेवतात आणि मग भाषेनुसार गाळणी लावलेल्या मराठी वाचकाला सार्वजनिक टाइमलाइनवर पोस्ट दिसतच नाही.

---

पेणच्या_बाई
२५ जून, रात्री ९:०५

राग कसला. वाचून रडू आलं, पण बरं वाटलं.

पासवर्ड बदलला. भाच्याला सकाळी साडेसातला उठवलं, त्याच्या घड्याळात चार वाजले होते. नवा ईमेल झाला, कोड दोन्ही फोनवर आला. दहा आपत्कालीन कोड माझ्या कपाटात रेशनकार्डाच्या पिशवीत आहेत.

एक शंका. बचत गटासारख्या दोन सह्या इथे होऊ शकतात का? म्हणजे एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने बघून सोडायचं. फोटो असेल तर नको, पण पोटात जाणारी गोष्ट असेल तर मला ते हवं आहे.

---

सर्व्हर_सांभाळणारा
२५ जून, रात्री १०:२०

मॅस्टोडॉनमध्ये नाही. पण फेडिव्हर्स, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या अशा सर्व्हरचं जाळं, फक्त मॅस्टोडॉनचं नाही. ॲक्टिव्हिटीपब ही भाषा ज्याला बोलता येते ते सगळं त्यात येतं. २०१८ च्या जानेवारीत वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिला मानक म्हणून मान्यता दिली. आज त्यात वर्डप्रेसचा ब्लॉगही आहे. ॲक्टिव्हिटीपबचं प्लगइन घातलं की ब्लॉग हाच एक खातं होतो, मॅस्टोडॉनवरची माणसं त्याला फॉलो करतात, नवा लेख थेट त्यांच्या टाइमलाइनवर जातो. वर्डप्रेस.कॉमवरच्या मोफत ब्लॉगलाही ही सोय २०२३ पासून आहे.

वर्डप्रेसमध्ये भूमिका असतात. ‘काँट्रिब्युटर’ लेख लिहू शकतो पण प्रसिद्ध करू शकत नाही, ‘एडिटर’ वाचून प्रसिद्ध करतो. तुमच्या दोन सह्या याच. शिवाय लेखावर लिहिणाऱ्याचं नाव राहतं. पाककृती तिथे, फोटो आणि गप्पा मॅस्टोडॉनवर, असं करता येईल. फ्रेंडिका नावाचं अजून एक आहे, त्यात एका खात्याचा कारभार दुसऱ्याच्या हाती सोपवायची सोय मुळातच आहे. पण तुमचे फॉलोअर जिथे आहेत तिथून सगळं उचलून न्यावं असं मी म्हणणार नाही.

मला स्वतःला विचाराल तर मी घरातल्या त्या दुसऱ्या मताचा आहे. प्रत्येकाने आपापलं खातं उघडावं. सामायिक खात्याने फक्त त्यांच्या पोस्ट बूस्ट कराव्यात. मग नाव, गाव, चूक, दुरुस्ती, सगळं ज्याचं त्याच्याकडे. फॉलोअरना सगळं एकाच ठिकाणी मिळतं. फेडिव्हर्समध्ये तर ‘गट’ ही वेगळी जातच आहे: गटाचा उल्लेख करून पोस्ट टाकली की गट ती सगळ्या सदस्यांना पुढे पाठवतो. लेमी या फेडिव्हर्समधल्या चर्चास्थळावरचे समुदाय असेच चालतात, आणि मॅस्टोडॉनवरून त्यांचा उल्लेख करून तिथे धागा सुरू करता येतो. त्यात पोस्टची पहिली ओळ शीर्षक होते.

---

आठवड्याची_पाळी
२५ जून, रात्री १०:५५

दादा, तत्त्वतः पटतं, पण नऊ जणांत मुरबाडच्या मावशीही आहेत. त्या स्वतःचं खातं उघडून, लोक जोडून, उत्तरं देत बसतील का? सामायिक खात्याचा फायदाच हा आहे की ज्याला लोक जमवायचे नाहीत, फक्त सांगायचं आहे, त्याला तयार पार मिळतो. वेगळी खाती केली की बोलणारे बोलत राहतील आणि मावशी गप्प होतील. आमच्याकडे एका धनगर काकांनी मेंढ्यांच्या पावसाळी वाटांवर आठवडाभर लिहिलं होतं, म्हणजे ते सांगायचे आणि त्यांची मुलगी टाकायची. त्यांनी स्वतःचं खातं कधीच उघडलं नसतं.

आणि गटाचा उल्लेख तर कुणीही करू शकतो. कोण कसली जाहिरात घुसवेल ते निवडायला पुन्हा माणूस लागतोच.

---

सर्व्हर_सांभाळणारा
२५ जून, रात्री ११:१०

मावशींचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुमचं बरोबर आहे.

सामायिक खात्याच्या बाजूने अजून एक गोष्ट आहे, तीही सांगतो. मॅस्टोडॉनवर हॅशटॅग उघडला की जगातल्या सगळ्या पोस्ट दिसत नाहीत, तुमच्या सर्व्हरपर्यंत जेवढ्या पोचल्या तेवढ्याच दिसतात. माझ्या छोट्या सर्व्हरवर #रानभाज्या उघडलं तर कित्येकदा रिकामं असतं. मराठी माणसं वेगवेगळ्या सर्व्हरवर दोन-दोन, चार-चार अशी पसरलेली आहेत, आणि एखादी पोस्ट उचलून थेट तुमच्या होम टाइमलाइनवर आणणारं कुठलं यंत्र तिथे नाही. अशा वेळी पुष्कळांनी फॉलो केलेलं एक मराठी खातं असलं तर त्याने टाकलेलं, बूस्ट केलेलं सगळं त्या सगळ्या सर्व्हरवर पोचतं. म्हणून ते बंद करू नका.

---

उमरेड_ते_उट्रेक्ट
२६ जून, पहाटे ३:३०

सगळं वाचलं. किल्ल्यांविषयी माझं थोडं ऐका.

२०१९ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं आणि भारतातून एक लोंढा मॅस्टोडॉनवर आला. आमचं खातं त्या लोंढ्यातलं. वऱ्हाडी बोलीतले शब्द रोज एक, अर्थासहित. पाच जण होतो. खातं एका दादांच्या ईमेलवर, कोड त्यांच्याच फोनवर. ते आमच्यात वयाने मोठे आणि सगळ्यात नेमाचे, त्यामुळे कुणाच्या मनातही कधी काही आलं नाही.

२०२१ च्या मे महिन्यात दादा गेले. कोविड. फोन त्यांच्या घरच्यांकडे, कुलूप उघडत नव्हतं, आणि त्या दिवसांत त्यांच्या बायकोकडे फोन मागायची आमची हिंमत झाली नाही. आमच्या ॲपवर खातं चालू होतं म्हणून आम्ही शब्द टाकत राहिलो. पुढच्या वर्षी सर्व्हरवाल्याने सर्व्हर बंद करतोय असं कळवलं. मुदत दिली होती. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत नाव हवं असेल तर सर्व्हरला निदान तीन महिने आधी सांगण्याचं वचन द्यावं लागतं, आणि आणीबाणीत सर्व्हर उघडू शकेल असा दुसरा एक माणूस ठेवावा लागतो. सर्व्हरने दुसरा माणूस ठेवला होता. आम्ही नव्हता ठेवला.

खातं हलवता येतं, नव्या जागी फॉलोअर आपोआप येतात, पण त्यासाठी जुन्या खात्याचा पासवर्ड लागतो. तो आमच्याकडे नव्हता. सर्व्हरवाल्याला ईमेल बदलून द्या म्हणून दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. आणि पोस्ट तर अशाही हलत नाहीत. त्यांची प्रत काढून घ्यावी लागते, सेटिंगमधून दर सात दिवसांनी एकदा मागता येते, तीही वेबवर आत शिरूनच. आम्ही कधी काढलीच नव्हती. अडीच वर्षांचे शब्द गेले. त्यातले दादांचे बरेच होते. ‘आवतन’सारखे थोडे माझ्या आठवणीत आहेत, बाकी त्यांनी कसे समजावले होते ते आता आठवत नाही.

ताई, प्रत आजच काढा. दर महिन्याला काढायचा दिवस ठरवा. आणि तिसरी किल्ली कुणाकडे तरी द्या, तुम्ही आणि भाचा दोघं एकाच घरचे आहात.

---

पेणच्या_बाई
२८ जून, संध्याकाळी ६:२०

दादा, तुमचं वाचून त्याच रात्री प्रत मागवली. दुसऱ्या दिवशी तयार झाली, भाच्याने उतरवून घेतली, एक पेन ड्राइव्हवर माझ्याकडे आणि एक जव्हारला पाठवली आहे. तिसरा कोडही जव्हारच्या निवृत्त दादांच्या फोनवर गेला. त्यासाठी दुहेरी पडताळणी काढून परत लावावी लागली, तीन फोनवर व्हिडिओ कॉल लावून क्यूआर दाखवला. आपत्कालीन कोडही नवे झाले, जुना कागद फाडला. दर महिन्याच्या संकष्टीला प्रत काढायची, म्हणजे विसरणार नाही.

शेवळांची पोस्ट कोणाची ते कळलं. काल मुरबाडच्या मावशींचा फोन आला. ‘माझीच गं ती,’ म्हणाल्या. त्यांना वाचकाचा प्रश्न दिसलाच नव्हता. त्यांच्या नातवाने फोटोबरोबर त्यांचं बोलणं टाइप केलं होतं, आणि नंतर पुसलीही त्यानेच, आजीला कुणी बोलू नये म्हणून. मी काकडाचं विचारलं तर त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, ‘काकडाशिवाय शेवळं कोण करतं?’

त्यांच्याकडे बाजारात जुडीबरोबर काकड येतो, गावदेवी_मार्केट ताईंनी लिहिलं तसाच. मीठ घाला हे जसं कुणी कृतीत वेगळं सांगत नाही, तसा त्यांच्या तोंडी काकड आलाच नाही. मुरबाडच्या बाईने मुरबाडच्या बाईला सांगितलं असतं तर काहीच अडलं नसतं. आमच्या खात्यावर ते कुठल्याच गावचं नव्हतं. पाळीवाल्या ताई, तुम्ही सहीत गाव लिहा म्हणालात ते मला तेव्हा नीट उमगलं नव्हतं.

मावशींनी पुण्याच्या त्या दादांशी स्वतः बोलायचं म्हटलं. मी नंबर मिळवून दिला. काय बोलणं झालं ते दोघांपैकी कुणी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आज त्यांच्या आईंनी विचारलंय की पावसाळा संपायच्या आत काकडासकट एक जुडी पाठवाल का. शेवळांचे आता थोडेच दिवस राहिलेत, म्हणून उद्या सकाळीच मावशी वाटा बांधून नातवाबरोबर कल्याणपर्यंत देणार आहेत.

खातं राहतंय. कृती सगळ्या ब्लॉगवर जातील, लिहिणारा एक आणि सोडणारा दुसऱ्या गावचा. दुसऱ्या गावचाच हवा असा हट्ट मी धरला, कारण त्याच गावच्या माणसालाही काकड सांगायचा राहून जाईल. खासगी निरोप नऊ जण वाचतात हे प्रोफाइलवर लिहिलं, आणि त्या बाळंतीण बाईंना मी माझ्या नावाने लिहून माफी मागितली. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

पुसलेली पोस्ट तर परत येत नाही. म्हणून नवी टाकून वर पिन केली. ती अशी:

‘१२ जूनला आमच्या खात्यावर शेवळांची कृती गेली, त्यात काकड घालायचं लिहिलं नव्हतं. ती खाऊन दोघांना त्रास झाला. नंतर ती पोस्ट आम्ही पुसली, तीही चूक होती. शेवळं काकडाच्या, बोंडाऱ्याच्या, नाहीतर चिंचेच्या किंवा आमसुलाच्या रसात शिजवल्याशिवाय खाऊ नयेत. आमच्या मुरबाडच्या बाजारात काकड जुडीबरोबरच मिळतो म्हणून माझ्याकडून सांगायचा राहिला. तुमच्याकडे मिळत नसेल तर विचारा. — मावशी, मुरबाड. वाचून सोडलं: बाई, पेण.’

---

गावदेवी_मार्केट
२८ जून, संध्याकाळी ७:०२

बाई, मावशींना सांगा, वाट्यात काकड जरा जास्तच घाला. आणि जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून द्या, पुण्यापर्यंत सुकेल नाहीतर.